गुडघा ठीक आहे, जमीन तपासावी लागेल

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज गुडघा दुखावला. म्हणून नवी रोजनिशी. बाबांनी मला लहानपणी घरीच शिकवलं, शाळा फार नंतर आली. त्यांचा पहिला धडा असा होता की घडलेलं त्याच दिवशी लिहून टाकावं, दुसऱ्या दिवशी माणूस ते सुधारतो. तर न सुधारता लिहिते.

कारखान्यात उंच स्टुलांची तपासणी चालू होती. (मी फर्निचरच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. हे मला माहीत आहे, पण नोंद पूर्ण असावी.) स्टुलावर बसले. डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, गोल फिरले. जराही डुगडुगलं नाही. 'पास'चा स्टिकर लावला आणि उतरले. उजवा पाय जमिनीवर टेकला तो तिथेच राहिला आणि बाकीची मी वळले. आतून टक् असा आवाज आला. सुतारमामांनी पलीकडून विचारलं, काय तडकलं हो ताई, फळी का? म्हटलं, नाही मामा, मी.

स्टिकर काढला नाही. माझ्या पडण्यात स्टुलाचा काही दोष नव्हता.

५ फेब्रुवारी

गुडघा उशीएवढा. आत्या म्हणाली, तुझी अक्कल गुडघ्यात आहे हे मी तुझ्या जन्मापासून सांगतेय, आता बघ, वाढलेली दिसते. बाबा म्हणाले, वाक्प्रचार असा शब्दशः वापरू नये. आत्या म्हणाली, मग कसा वापरावा, लोणी लावून? आई गेल्यापासून घर आत्याच्या हातात आहे, त्यामुळे भांडण तिच्या सोयीने संपतं. तोवर मला बर्फ कुणीच दिला नाही.

(दुरुस्ती: आत्याने दिला. पण भांडण संपल्यावर.)

७ फेब्रुवारी

हाडांचे डॉक्टर. मशीनमधून काढलेला फोटो खिडकीला धरून त्यांनी समजावलं. गुडघ्याच्या आत दोरासारखे लिगामेंट असतात, त्यांच्यामुळे हाडं जागेवर राहतात. माझा पुढचा दोर बराच फाटला आहे. गुडघा अस्थिर आहे. मांडीचे स्नायू बळकट केले, चालताना ब्रेस, म्हणजे गुडघ्याचा पट्टा, लावला, तर काही लोकांचं ऑपरेशनवाचून भागतं. दीड-दोन महिन्यांनी पाहू.

मग त्यांनी विचारलं, चालताना पाय दगा देतो का?

मी विचारलं, दगा म्हणजे? ते म्हणाले, दगा म्हणजे दगा.

आधी शब्दाचा अर्थ, मग उत्तर, हा बाबांचा दुसरा धडा. दगा द्यायचा तर आधी मनात काहीतरी असावं लागतं. पाय माझा आहे, सव्वीस वर्षं बरोबर आहे, त्याच्या मनात काळंबेरं असेल असं मला वाटत नाही. काल जिन्यावर तो अचानक आत वळला आणि मी कठड्याला लोंबकळले, हे खरं. पण ती चूक झाली. चूक वेगळी, दगा वेगळा. पुराव्याशिवाय एवढा मोठा आरोप कसा करायचा?

म्हटलं, नाही.

डॉक्टर खूश झाले. म्हणाले, अरे वा, मग पुष्कळ आशा आहे. बाहेर येताना हलकं वाटलं. खरं बोलल्यावर वाटतं तसं.

८ फेब्रुवारी

सुपरवायझर साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. ते असं करतात तेव्हा चांगलं काही सांगायचं नसतं. म्हणाले, बाळ, मार्चअखेरीला तुझं प्रोबेशन संपतंय. कायम करण्याआधी माझ्यासमोर सगळं टेस्टिंग करून दाखवावं लागेल. बसणं, उठणं, वळणं, पायरीच्या स्टुलावर चढणं-उतरणं. जमलं तर टेस्टिंगला कायम. नाही जमलं तर पॅकिंगला घेतो, बसून काम आहे, काळजी करू नकोस.

हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की मला रडू आलं.

पॅकिंग वाईट नाही. पण टेस्टिंगमध्ये माझा स्टिकर पाहून कुठलातरी अनोळखी माणूस निर्धास्त पाठ टेकतो. घरात कुणी माझ्या भरवशावर असं टेकलेलं नाही. (हे खोडणार होते. पण खरं आहे.)

संकल्प: मार्चअखेरीपर्यंत गुडघा खणखणीत. सगळ्या सूचना अक्षरशः पाळायच्या.

१० फेब्रुवारी

फिजिओथेरपीचं क्लिनिक. फिजिओताई माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील, पण आवाज ड्रिलमास्तराचा. टाच सरकवायला लावली, पाय सरळ ठेवून उचलायला लावला, भिंतीला टेकून हवेतल्या खुर्चीवर बसवलं. शेवटी उजव्या पायावर उभं राहायला सांगितलं. उभी राहिले आणि सरळ त्यांच्या अंगावर गेले.

खाली पडल्या-पडल्या एक गोष्ट दिसली. कोपऱ्यातला व्यायामाचा मोठा चेंडू आपोआप घरंगळत बाथरूमकडे निघाला होता. म्हटलं, ताई, तुमची जमीन तिरकी आहे. त्या माझ्या खालून म्हणाल्या, हो, थोडा उतार आहे, पाणी जायला, आता उठता का?

मान्य केलं! त्यांनी स्वतः मान्य केलं!

निघताना दोन शंका विचारल्या. पहिली: ब्रेस झोपतानाही लावायचा का? म्हणाल्या, नाही हो, पायावर भार पडतो तेव्हा लावायचा. भार नाही तर ब्रेस नाही. दुसरी: व्यायाम किती करायचा? म्हणाल्या, झेपेल तेवढा करा, दुखेल तो करू नका. तेवढ्यात पुढचे पेशंट आले, त्यामुळे तिसरी शंका राहिली. ती काय होती ते आता आठवत नाही. म्हणजे महत्त्वाची नसणार.

११ फेब्रुवारी

ब्रेसवर विचार केला.

भार पडतो त्या पायाला ब्रेस. मी आरशासमोर चालून पाहिलं. उजवा दुखतो म्हणून मी सगळा भार डाव्यावर टाकते. उजवा नुसता बरोबर येतो, वरातीतल्या पाहुण्यासारखा. भार नाही तर ब्रेस नाही. म्हणजे ब्रेस डाव्याला.

व्यायामाचंही तेच. उजव्याचा केला, दुखलं. दुखेल तो करू नका. डाव्याचा केला, झेपला. झेपेल तेवढा करा.

सुरुवातीला विचित्र वाटलं. पण शिकलेल्या माणसाने सांगितलेल्या सूचनेत आपण आपलं डोकं घालू नये. लोक तिथेच चुकतात.

१३ फेब्रुवारी

तिरक्या जमिनीवर केलेला व्यायाम खोटा. क्लिनिकची जमीन दुरुस्त होईपर्यंत घरीच करायचा, असं ठरवलं. फिजिओताईंना फोन करून नम्रपणे कळवलं.  त्या म्हणाल्या, तुमची मर्जी, पण सोडू नका. सोडते कसली!

साहेबांना विचारून कारखान्यातली लेव्हल घरी आणली. जमिनीवर ठेवायची आणि नळीतला बुडबुडा मधोमध आला की जमीन सपाट. स्वयंपाकघर: तिरकं. माझी खोली: तिरकी. पॅसेज: फारच तिरका. आम्ही आजवर या घरात जगलो कसे?

संपूर्ण घरात एकच जागा सपाट निघाली. बाबांच्या पुस्तकांच्या कपाटाखालची.

१४ फेब्रुवारी

कपाट हलवलं. बाबांनी एका बाजूने ढकललं, आत्याने दुसऱ्या बाजूने, मी सूचना दिल्या. कपाट आता पॅसेजमध्ये आहे. त्यामुळे बाथरूमचं दार अर्धंच उघडतं आणि आत्याला आडवं होऊन आत जावं लागतं. आज ती आतून ओरडली, तुझा गुडघा बरा होईपर्यंत मी कागद होणार आहे! बाबा म्हणाले, ही अतिशयोक्ती. आत्या म्हणाली, दादा, तू एकदा येऊन बघ आणि मग अलंकार ओळख.

सपाट जागेवर डाव्या पायाचा व्यायाम अप्रतिम झाला. तोल अजिबात गेला नाही. जमिनीवर संशय होता तो खरा ठरला.

१९ फेब्रुवारी

कामावर काळजीची बाब. आज पुष्कळ खुर्च्या रिजेक्ट कराव्या लागल्या. बसायला गेलं की डुगडुग, उठताना तर जास्तच. लाकूड ओलं असावं, किंवा मामांचं लक्ष नाही. त्यांना हळुवारपणे विचारलं, मामा, घरी सगळं ठीक ना? ते म्हणाले, घरी ठीक आहे, इथे काय झालंय?

खुर्ची उलटी करून त्यांनी चारही सांधे ठोकून दाखवले. मी म्हटलं, ठोकल्यावर सगळेच बरे वाटतात, बसल्यावर कळतं. मामा म्हणाले, ताई, माझी खुर्ची चार पायांवर उभी आहे. तुम्ही दीड पायावर आहात.

असलं बोलणं मनाला लावून घ्यायचं नाही. तपासणाऱ्याने तटस्थ राहावं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज तीनदा... नाही, मोजत नाही, मोजल्याने मन कमकुवत होतं. आज फिरायला गेले. औषधाच्या दुकानासमोर पाय वळला. लेव्हल जवळच होती (आता नेहमी पिशवीत असते), ठेवून पाहिली. फूटपाथ तिरका! पोस्टासमोर पुन्हा वळला. पोस्टाची पायरी तिरकी! मैदानात वळला. मैदानाबद्दल तर बोलायलाच नको.

माझ्यासारख्याच दुसऱ्या कुणाचा पाय या जागांवर वळला तर? आपल्याला माहीत असून गप्प बसलो तर तो आपलाच अपराध. पिशवीत रिजेक्टचे लाल स्टिकर होते. जिथे जिथे वळला तिथे लावले.

(कारखान्याचे स्टिकर खाजगी कामाला वापरले. उद्या साहेबांना सांगून टाकायचं.)

२४ फेब्रुवारी

सांगितलं. साहेबांनी विचारलं, कशावर लावलेस? म्हटलं, रस्त्यावर. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातलाच नाही.

२८ फेब्रुवारी

फिजिओताईंचा फोन. व्यायाम चालू आहे? हो. नियमित? अगदी. ब्रेस लावताय? भार पडतो त्याच पायाला. शाब्बास. पायात ताकद आल्यासारखी वाटते? प्रचंड. फार छान, म्हणाल्या, असे पेशंट मिळत नाहीत.

दिवसभर हे वाक्य आठवून बरं वाटत होतं. घरी येताना जिन्यात पाय वळला. जिन्याला आधीच स्टिकर आहे, त्यामुळे काही नवं करावं लागलं नाही.

४ मार्च

एक अद्भुत घटना. रस्तेदुरुस्तीची माणसं आली आणि औषधाच्या दुकानासमोरचा फूटपाथ बरोबर माझ्या स्टिकरपासून उखडायला लागली. मी विचारलं, कुणी सांगितलं? त्यांचा मुकादम म्हणाला, वर लिहिलंय ना, रिजेक्ट. लाल अक्षरात आहे म्हणजे वरून आलं असणार.

माझा शब्द रस्त्यापर्यंत पोचला. बाबांना सांगितलं तर ते खुर्चीत बसून हसता-हसता खोकायला लागले. खुर्चीही हलत होती. तपासली पाहिजे.

६ मार्च

फूटपाथच्या जागी आता खड्डा आणि त्यावर फळी. फळीवर पाय वळला. खड्ड्यात गेले. मुकादमाने हात देऊन वर काढलं आणि विचारलं, स्टिकर लावणारे भेटले तर विचाराल का, पोस्टाची पायरी कधी तोडायची?

११ मार्च

आत्याच्या शिवणाच्या टेपने दोन्ही मांड्या मोजल्या. डावी चांगली भरली आहे, पॅन्टची शिवण तिथे ताणली जाते. उजवी बारीक झाली आहे. म्हणजे सूज पूर्ण उतरली! दोन्हीकडून प्रगती.

आत्या टेप परत घेताना माझ्या पायांकडे बघत राहिली. म्हणाली, गुडघा कुठला दुखावला होता गं तुझा? म्हटलं, उजवा. मग हे पट्ट्याचं लफडं डाव्याला का? मी तिला भाराचं तत्त्व समजावलं. ती म्हणाली, म्हणजे जो मुलगा पास झालाय त्याला शिकवणी, आणि नापास झालाय तो घरी झोपलाय? म्हटलं, आत्या, ही उपमा झाली, उपमा म्हणजे पुरावा नव्हे. बाबा पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, उपमा मात्र चांगली आहे.

घरच्यांना वैद्यकीय गोष्टी समजावणं अवघड असतं.

१७ मार्च

गोदामात रिजेक्ट खुर्च्यांचा ढीग छताला लागला. पास झालेली एकही खुर्ची नसल्यामुळे या आठवड्यात एकही गाडी सुटली नाही. पॅकिंगच्या मुली रिकाम्या बसल्यात. (दुरुस्ती: उभ्या आहेत. त्यांच्या खुर्च्याही मी तपासल्या.) मामा माझ्याशी बोलत नाहीत, पण मी जवळून गेले की हातोडी जरा जोरात मारतात.

साहेबांनी बोलावून विचारलं, बाळ, तुला खात्री आहे ना? मी म्हटलं, साहेब, शंका असती तर मीच आधी सांगितली असती. ते म्हणाले, हो, तू सांगितली असतीस. एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता. दुखऱ्या दाताकडे जीभ जाते तसं रात्री मन सारखं त्याच शब्दांवर जात होतं.

२३ मार्च

येत्या बुधवारी परीक्षा. तयारी पूर्ण. भिंतीला टेकून हवेतल्या खुर्चीवर डाव्या पायाने मी आता आत्याचं अख्खं भांडण संपेपर्यंत बसू शकते. उजवा ताजातवाना आहे, इतके दिवस विश्रांती मिळाली आहे. ऐन वेळी दोघे मिळून कमाल करतील.

संकल्प: कायम झाल्यावर कपाट जागेवर ठेवायचं. आत्याला नवी टेप आणायची. मामांशी स्वतःहून बोलायचं, मोठेपणा आपण दाखवावा.

२६ मार्च, बुधवार

आजचं आजच लिहायचं.

साहेब, मामा आणि पॅकिंगच्या सगळ्या मुली गोल करून उभ्या होत्या. पहिली खुर्ची आणली. बसले. डुगडुगली. म्हटलं, रिजेक्ट. दुसरी. रिजेक्ट. तिसरी तर मी टेकायच्या आतच हलली. मामांनी आढ्याकडे पाहून हात जोडले.

साहेबांनी काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास आणायला सांगितला. तो तिसऱ्या खुर्चीवर ठेवला आणि खुर्चीला बाजूने धक्का दिला. पाणी हललं नाही. मी म्हटलं, साहेब, ग्लासाला पाय नसतात. साहेब म्हणाले, तेच म्हणतोय मी.

मग मामा बसले. झुकले, फिरले, आपटून उठले. खुर्ची देवळातल्या दगडासारखी. मग साहेबांनी ग्लास माझ्या हातात दिला आणि म्हणाले, खुर्ची राहू दे. नुसती उजव्या पायावर उभी राहा.

उभी राहिले. पाणी माझ्या चपलेत गेलं.

मला वाटलं, आता लेव्हल काढावी. पिशवी लांब होती. म्हटलं, साहेब, ही जमीन... त्यांनी स्वतःची लेव्हल माझ्या पायाजवळ ठेवली. बुडबुडा मधोमध.

मी घाईने म्हटलं, पायरीचं स्टूल राहिलंय, ते बघू. साहेब नको म्हणत होते. मी चढले. डाव्याने चढले, फार सुंदर चढले. वरून सगळे दिसत होते. उतरताना आधी उजवा खाली टाकला.

आतून पुन्हा टक् झालं. मी रिजेक्ट खुर्च्यांच्या ढिगात गेले आणि ढीग माझ्यावर आला. खुर्च्या छतापासून खालपर्यंत गडगडल्या. धूळ बसल्यावर पहिला आवाज मामांचा. ते ढिगाभोवती नाचत होते. म्हणत होते, बघा साहेब, बघा, एवढ्या उंचीवरून आल्या, एकाचाही सांधा सुटला नाही! मग त्यांना मी आठवले. मग त्यांनीच मला उचललं आणि रडू नका ताई, रडू नका म्हणत स्वतःच रडले.

२८ मार्च

डॉक्टर. बाबांचा हात धरून मी आत गेले तेव्हा डॉक्टर माझ्या ब्रेसकडे पाहत राहिले. म्हणाले, डावाही दुखावला का? म्हटलं, नाही, डावा उत्तम आहे. मग याला हे का? भाराचं तत्त्व सांगितलं. झेपेल आणि दुखेल याचंही सांगितलं. त्यांनी फिजिओताईंना फोन लावला. पलीकडून शब्द ऐकू आले नाहीत, नुसता ड्रिलमास्तराचा आवाज ऐकू आला आणि मग तो आवाज बंद झाला.

डॉक्टरांनी विचारलं, गेल्या महिन्यात पाय वळून पडलात? हो. वरचेवर? रोज. पण तुम्ही तर म्हणाला होतात पाय दगा देत नाही! मी दगा आणि चूक यांतला फरक समजावायला लागले. अर्ध्यावर बाबा म्हणाले, पुरे बाळ. बाबांनी मला शब्दाच्या अर्थाबाबत थांबवण्याची ही पहिलीच वेळ.

राहिलेला दोर गेला. गादीसारखी कूर्चा असते तीही आता फाटली आहे. ऑपरेशन करून मांडीच्या मागची शीर घेऊन नवा दोर बसवणार. नंतर बरेच महिने व्यायाम.

डॉक्टर म्हणाले, आधीच खरं सांगितलं असतंत तर... मी म्हटलं, मी खरंच सांगितलं होतं. ते म्हणाले, मला माहीत आहे. तेच कठीण आहे.

२ एप्रिल

साहेब घरी आले. पॅसेजमधून आडवे होऊन आले. आत्याने त्यांना कपाटाची हकीकत सांगितली, साहेबांनी स्टिकरची सांगितली, बाबांनी फूटपाथची. तिघं इतकी हसली की मी आतल्या खोलीत आहे हे विसरलीच. मग एकदम आठवण होऊन आत्या चहा टाकायला उठली. 

साहेब माझ्या कॉटशी बसले. टेस्टिंगला दुसरी मुलगी घेतली आहे. माझी जागा पॅकिंगला, बरी झालीस की ये. मी विचारलं, ढिगातल्या खुर्च्या? म्हणाले, गेल्या. सगळ्या पास होत्या. त्यांनी चष्म्याला हात लावला नाही, माझ्याकडे पाहूनच सांगितलं.

मी काही स्पष्टीकरण देणार होते. सापडलं नाही.

(दुरुस्ती: सापडलं होतं, चार मिनिटांनी. तोवर ते गेले होते. बरं झालं.)

९ एप्रिल

काल ऑपरेशन झालं. अजून हॉस्पिटलातच आहे, आत्या सोबतीला. उजवा पाय पट्ट्यांत गुंडाळून उशीवर ठेवलाय.

सकाळी फिजिओताई आल्या. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या नाहीत. क्लिनिकपेक्षा अगदी हळू आवाजात म्हणाल्या, माझंही चुकलं, मी पाय कुठला ते बोलले नाही. मी म्हणायला गेले की नियमाप्रमाणे... पण त्यांनी हात वर केला.

म्हणाल्या, मांडी आवळायची. गुडघा हलवायचा नाही, नुसता स्नायू घट्ट करायचा. हा सगळ्यात पहिला आणि सगळ्यात सोपा व्यायाम, लहान मूलही करेल. कळावं म्हणून आधी डाव्याने करून दाखवा. मी डावी मांडी आवळली. ताईंनी बोटाने दाबून पाहिलं, मग मुठीने ठोकून पाहिलं. शेजारच्या कॉटवरच्या बाईंनी विचारलं, तुम्ही कुठला खेळ खेळता हो? आत्या म्हणाली, विचारू नका.

मग उजवी. ताई म्हणाल्या, हं, आवळा.

मी आवळली. दात आवळले, मुठी आवळल्या, डोळे मिटले. म्हटलं, झालं.

ताईंनी मांडीवर हात ठेवला. म्हणाल्या, पुन्हा. पुन्हा आवळली. म्हटलं, आता झालं, आतून जाणवलं. त्या म्हणाल्या, डोळे उघडा, मांडीकडे बघा आणि मग सांगा.

बघितलं. बारीक, पिवळट पडलेली, दुसऱ्या कुणाची तरी वाटावी अशी मांडी होती. मी सगळा जीव लावला. कातडीसुद्धा हलली नाही. ताई वाट बघत होत्या. आत्या वाट बघत होती. पंखा, उशी, कॉट, सगळं जागच्या जागी होतं.

म्हटलं, नाही झालं.

ताई म्हणाल्या, बरोबर. आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.